सुट्टीत लॅब करू का? डॉक्टर-सायंटिस्ट व्हायचंय म्हणणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: बेळगावात एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे. पेशंट पण बघायचेत आणि रिसर्च पण करायचाय. सीनियर म्हणतात सुट्टीत बेंगळूरच्या मोठ्या लॅबला गेल्याशिवाय काही खरं नाही.

सीनियरचं एवढं मनावर घेऊ नकोस. आयसीएमआरची (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे सगळे एसटीएस म्हणतात ती, १९७९ पासून चालू आहे आणि ती मुळातच आपल्या कॉलेजातल्या गाईडकडं दोन महिने काम करायसाठी आहे. प्रपोजल मंजूर व्हावं लागतं, काम करून रिपोर्ट द्यायचा, तो पास झाला की मगच स्टायपेंड आणि सर्टिफिकेट. पोरं अडकतात ती एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या कमिटीत, कारण परवानगीचा अर्ज सुट्टी लागल्यावर करतात आणि कमिटी बसेपर्यंत अर्धी सुट्टी गेलेली असते, तर गाईड आत्ताच धरायचा. आणि प्रश्न लहान घे की, दोन महिन्यांत शंभरभर पेशंट तपासून डायबेटिसचं कारण कुणाला सापडत नाही.

दुसरं म्हणजे रिसर्च म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पिपेट, म्हणजे लॅबमधली थेंब मोजायची नळीच येते. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात एक ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, छापून आली ती आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतली. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बायका दगावतात, तर गावातल्या नर्सबाईनं रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर काय होतं हे १६२० बायकांमध्ये बघितलं, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. बिनऔषधाच्या गटात १२ टक्के बायकांना जादा रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. यात लॅब कुठंय? पण जगभर वाचलं गेलं. आणि असल्या कामात तुझ्याकडं जे आहे ते बेंगळूरच्या पोराकडं नाही, खानापूरकडच्या बाईला मराठीत आणि बैलहोंगलच्या बाईला कन्नडात समजावून सांगून संमती घेणं. नुसती सही घेणं वेगळं आणि तिला समजणं वेगळं, माझ्या मते हे एका सुट्टीत शिकलास तर पीसीआरसारखं लॅबचं तंत्र नंतर कधीही शिकशील.

प्रश्न: निपाणीची आहे, बीएस्सी बायोटेक करते. बीएस्सी करून, समर इंटर्नशिप करून पुढं डॉक्टर-सायंटिस्ट होता येतं का?

स्पष्ट सांगते, आपल्याकडं एमबीबीएसला जायचा रस्ता नीटमधूनच आहे, बीएस्सी किंवा इंटर्नशिप केली म्हणून कुणी सीट देत नाही. वयाची वरची अट नाही त्यामुळं परत नीट देता येते, पण आधी स्वतःला विचार की पेशंट बघायचाच आहे का, का आजार कसा होतो ते शोधायचंय. दुसरं असेल तर एमएस्सी-पीएचडीनं पण तिथंच पोचतेस, आणि त्यात काही कमीपणा नाही, घरचे काही म्हणोत.

सुट्टीसाठी तीन विज्ञान अकादमींची मिळून समर फेलोशिप आहे, दोन महिन्यांची, अर्ज आदल्या वर्षीच दिवाळीच्या आसपास निघतात, म्हणून एप्रिलमध्ये जागं होऊन उपयोग नाही. बेंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचीपण आहे. आणि बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आपल्यातल्या निम्म्या लोकांना ती बाहेरूनच माहीत. जागा आहे का म्हणून विचार. मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी इंटरेस्टेड' एवढंच पन्नास जणांना पाठवू नकोस, त्या माणसाचे दोन पेपर वाच आणि त्यातलं न समजलेलं एक विचार, उत्तर यायची शक्यता वाढते.

प्रश्न: भाचीचा जन्म अमेरिकेतलाच, तिथं कॉलेजात शिकते, एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकी आणि पीएचडी दोन्ही एकत्र, करायचं म्हणते. एक समर लॅबमध्ये काढलं की झालं ना?

नाही हो मावशी. तिथं कॉलेजची चार वर्षं संपल्यावर मेडिकल, त्यात एमडी-पीएचडी म्हणजे अजून साधारण आठ वर्षं. त्यांच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा यासाठीचा प्रोग्राम १९६४ पासून आहे, निवड झाली की फी भरावी लागत नाही, वर स्टायपेंड, म्हणून चुरस भयंकर. एक समर म्हणजे सुरुवात, पण निवड करणारे बघतात ते एकाच लॅबमध्ये टिकून काम केलंय का, आणि लॅबप्रमुख पत्रात काय लिहितात. दर सुट्टीला नवी लॅब म्हणजे दर वेळी नवीन माणूस, मग तो काय लिहिणार? एनआयएचची स्वतःची समर इंटर्नशिप तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते, भाचीला अडचण नाही, पण आपल्या इकडच्या पोरांनी त्यावर आस लावून बसू नये.

प्रश्न: येळ्ळूरचा आहे. पोरगं म्हणतंय लॅबमध्ये पहिले पंधरा दिवस नुसत्या बाटल्याच धुतल्या. याला रिसर्च म्हणायचं? त्यापेक्षा ऑनलाईन पैसे भरून सर्टिफिकेट घेतलेलं बरं की.

बाटली नीट धुतलेली नसली तर त्यातले जंतू वाढतात आणि पुढचा सगळा आठवडा वाया जातो काका, पंधरा दिवस बाटल्या चालतात. दुसरा महिनापण बाटल्यातच गेला तर मात्र पोराला सांगा, गाईडला जाऊन विचार माझा प्रश्न कुठला. पैसे भरून मिळणाऱ्या सर्टिफिकेटला एकही पैसा घालू नका, इंटरव्ह्यूत 'तुझ्या प्रयोगात कंट्रोल काय होता', म्हणजे तुलना कशाशी केली, एवढं विचारलं की तिथंच संपतं.