गद्य नाटकांचा दिग्दर्शक आणि 'सौभद्र'

प्रश्न : ताई, मी 46 वर्षांचा. सांगलीत हौशी रंगभूमीवर वीस वर्षं नाटकं बसवतोय, सगळी गद्य, बहुतेक कौटुंबिक. यंदा संस्थेनं 'संगीत सौभद्र' माझ्याकडे दिलंय. मला रागातलं ओ की ठो कळत नाही. 'याला सूर तरी कळतो का?' असं जुने गायक नट माझ्यादेखत बोलतात. नाही म्हणून टाकू का?

उत्तर : नाही म्हणू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सूर कळत नाही यापेक्षा, वीस वर्षांनी पुन्हा शिकाऊ म्हणून लोकांसमोर उभं राहायचं, हे तुम्हाला जास्त बोचतंय असं मला वाटतं. ते बोचणारच. मान मिळवायला तुम्हाला अर्धं आयुष्य लागलंय.

पण 'सौभद्र'कडे तुमच्या नजरेनं एकदा बघा. थोरल्या भावानं बहिणीचं लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवलंय. धाकट्याला ते मंजूर नाही, पण तो तोंडावर बोलत नाही, आतून सूत्रं हलवतो. मुलीचा जीव तिसऱ्यातच गुंतलाय. अहो, हे घरातलंच नाटक आहे! किर्लोस्करांनी 1882 साली ते गाण्यांत गुंफलं, एवढंच.

'वद जाऊ कुणाला शरण' हे पद घ्या. तालमीत ते आधी गद्यात म्हणवून घ्या, पेटी बंद ठेवून. सुभद्रा हे कुणाला विचारते? मागच्या वाक्याला तिचा आवाज कुठं अडकतो? हे सापडलं की गाणं तिथूनच उगवेल. आणि ती गात असताना सखीनं काय करायचं? मी कितीतरी प्रयोगांत पाहिलंय, नायिका जीव तोडून गातेय आणि बाजूची मुलगी पदराचं टोक चाळवत पद संपायची वाट बघतेय. ती जागा दिग्दर्शकाची. तिथं तुमच्याइतका तयार माणूस त्या गायकांत नसेल.

सुरांचं काम सुरांच्या माणसाकडे सोपवा. जब्बार पटेलांनी 'अशी पाखरे येती'सारखं गद्य नाटक केलं, मग 1972 साली 'घाशीराम कोतवाल'. त्यात संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. म्हणून दिग्दर्शक कुठं कमी ठरला?

मात्र एक गोष्ट तुम्हीच ठरवायची : कुठलं पद किती वेळ चालणार. ताना लांबल्या की प्रसंग थंड पडतो, आणि आवरा म्हटलं की गायक रुसतो. हे पहिल्या आठवड्यातच, ऑर्गनवाल्याला शेजारी बसवून बोलून घ्या. रंगीत तालमीपर्यंत ठेवलंत तर भांडण होईल.

त्या ज्येष्ठ नटांपैकी जे सगळ्यात जास्त टोचून बोलतात, त्यांच्याकडेच जा. 'काका, रोज अर्धा तास मला ही पदं ऐकवाल का?' असं विचारा. खरंच शिकायला जा, त्यांना गप्प करायला नको. सोबत वही न्या, आणि ते गाताना श्वास कुठं घेतात ते टिपून ठेवा. सुभद्रेच्या हालचाली बसवताना तुम्हाला ते लागेल.