मार्चमधली पहिली पेटी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी दारातला बर्फ ओढत होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. एवढंच कळलं की तुमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ऑफिसात एका डिफेन्सिव्ह एन्डचं, म्हणजे कडेने घुसून समोरच्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) पाडणाऱ्या बचावपटूचं, नाव फिरतंय, मालकांना तो हवाच आहे, आणि ‘घ्यावा की घेऊ नये’ यावर दोन पानं लिहायचं काम सगळ्यांत धाकटी म्हणून तुझ्या गळ्यात पडलंय. त्याचं नाव सांगितलं नाहीस ते बरं केलंस. मला ते नकोही आहे. नाव कळलं की माणूस हिशेब सोडून आठवणी काढत बसतो.

मी ३२ वर्षं विमा कंपनीत हिशेब तपासले आणि रविवारी न्यूयॉर्क जायंट्सचे सामने पाहिले. पहिल्यातून पेन्शन मिळालं, दुसऱ्यातून रक्तदाब. तेव्हा सांगतोय ते या दोन्ही अनुभवांतून आलंय असं समज.

२०१६ पासून सुरुवात करतो, कारण ते वर्ष मी फार जवळून पाहिलंय. त्याआधीच्या हंगामात आमच्या डिफेन्सने १६ सामन्यांत ४४२ गुण दिले होते. समोरच्याला यार्ड देण्यात तर ३२ संघांत आम्ही सगळ्यांत वाईट. मार्चमध्ये फ्री एजंटांचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा, बाजार उघडला आणि संघाने तिजोरी उघडली. डॉल्फिन्सकडून ऑलिव्हिए व्हर्नन आला, ५ वर्षांचे साडेआठ कोटी डॉलर, त्यातले सव्वापाच कोटी गॅरंटीड, म्हणजे मधेच कापलं तरी द्यावे लागणारे. रॅम्सचा कॉर्नर (पास झेलणाऱ्याला अडवणारा) जॅनोरिस जेन्किन्स आला, ५ वर्षांचे सव्वासहा कोटी. आणि शेजारच्या जेट्सकडून डेमन हॅरिसन, ज्याला सगळे ‘स्नॅक्स’ म्हणत, ५ वर्षांचे ४ कोटी ६२ लाख. एका वर्षाची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारांवरची मर्यादा, साडेपंधरा कोटींची असताना तीन माणसांवर कागदोपत्री सव्वाएकोणीस कोटींहून जास्त! इथल्या आमच्या मित्रमंडळीत तेव्हा जे तिघं-चौघं फुटबॉलवाले होतो, ते सगळे मालकांना शिव्या घालत होतो. मी तर जास्तच.

आणि आम्ही तोंडावर आपटलो. त्या हंगामात डिफेन्सने फक्त २८४ गुण दिले. संघ ११-५. चार हंगामांच्या उपासानंतर प्लेऑफ. हॅरिसन पहिल्या ऑल-प्रो संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या यादीत. म्हणजे ‘महागडे फ्री एजंट घेऊन काही होत नाही’ असं कुणी तुला सरसकट सांगितलं तर त्याला हा आकडा दाखव. एका उन्हाळ्यात १५८ गुणांचा फरक पडला होता.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. पुढच्याच वर्षी, तेच तिघं संघात असताना, ३-१३. गुण दिले ३८८. डिसेंबरात जनरल मॅनेजर आणि कोच एकाच दिवशी घरी. २०१८ च्या ऑक्टोबरात स्नॅक्सला ड्राफ्टमधल्या (कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात त्यातल्या) पाचव्या फेरीच्या एका पिकवर, म्हणजे निवडीच्या हक्कावर, डेट्रॉइटला दिलं, २०१९ मध्ये व्हर्नन क्लीव्हलंडला गेला, त्याच डिसेंबरात जेन्किन्सलाही नारळ मिळाला. पाच वर्षांचे तीन करार, आणि चौथं वर्ष सरेपर्यंत तिघांतलं कुणी उरलं नव्हतं.

तिघं एकदम खेळायचे विसरले का? नाही. इथेच डिफेन्सचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा, आणि तुझ्या दोन पानांत तो असायला हवा. ऑफेन्समध्ये चेंडू कुणाकडे द्यायचा हे तुम्ही ठरवता. डिफेन्समध्ये तो कुठे जाणार हे समोरचा ठरवतो. तुम्ही कितीही मोठा स्टार आणा, समोरचा क्वार्टरबॅक त्याला रामराम करून दुसऱ्या बाजूने जातो. तुमच्या एन्डवर दोन माणसं लावतो, चेंडू अडीच सेकंदांत सोडून देतो, चेंडू घेऊन पळणारा त्याच्या विरुद्ध अंगाने काढतो. मग खरा सामना होतो तो तुमच्या सर्वांत कच्च्या माणसाशी. त्यामुळे स्टारच्या चित्रफिती बघण्याआधी स्वतःच्या संघातला नववा, दहावा, अकरावा डिफेंडर कोण आहे ते बघ. २०१६ साली आमच्याकडे त्या रांगेत लँडन कॉलिन्स होता, आदल्या वर्षी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत घेतलेला, स्वस्तातला, आणि त्या हंगामात तोही ऑल-प्रो. घरचं पीक चांगलं आलं होतं म्हणून विकतचं खत लागू पडलं.

आता तुझ्या त्या माणसाकडे येऊ. तू म्हणालीस, गेल्या हंगामातले त्याचे आकडे उत्तम आहेत. असणारच. नसते तर नाव फिरलं नसतं. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: त्याचा स्वतःचा संघ त्याला का जाऊ देतोय? त्यांनी त्याला चार-पाच वर्षं रोज पाहिलंय. फिजिओच्या टेबलावर, मीटिंगमध्ये पेंगताना, पराभवानंतरच्या मंगळवारी. त्यांच्या हातात फ्रँचायझी टॅग, म्हणजे ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष धरून ठेवायचा हक्क, होता, तोही त्यांनी लावला नाही. अशा वेळी बाजारात आलेला माल आधीच एकदा चाळून आलेला असतो. कधी कारण निर्दोष असतं: त्यांच्याकडे कॅपच नाही, क्वार्टरबॅकचा करार डोक्यावर बसलाय. कधी मात्र त्यांना जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत नसतं. कारण शोधून काढ आणि नाही सापडलं तर ‘सापडलं नाही’ असं लिही. मालकाला ते आवडणार नाही. लिही.

अल्बर्ट हेन्सवर्थची कथा तुम्हा मुलांना विनोद म्हणून माहीत असते. मला ती विनोदी वाटत नाही. २००७ आणि २००८ अशी दोन्ही वर्षं तो टेनेसीत ऑल-प्रो होता. २००८ मध्ये मधोमध उभा राहणारा डिफेन्सिव्ह टॅकल असून साडेआठ सॅक, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं (दोघांनी पाडलं तर अर्धा-अर्धा). २००९ च्या फेब्रुवारीत, बाजार उघडून काही तास होत नाहीत तोवर, वॉशिंग्टनने त्याला ७ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार दिला, ४ कोटी १० लाख गॅरंटीड. टेनेसीत त्याचं काम एकच होतं: चेंडू हलला की समोरची फट फोडून आत घुसायचं. वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या वर्षी माईक शॅनाहन कोच म्हणून आला आणि डिफेन्स ३-४ चा झाला, म्हणजे पुढच्या रांगेत तीन आणि त्यांच्या मागे चार. त्यात मधल्या माणसाने जागा धरायची, दोघांना अंगावर घ्यायचं, नाव दुसऱ्याचं होऊ द्यायचं. त्याने ते करायला नकार दिला. शॅनाहनने फिटनेस टेस्ट लावली, ती तो पुरी करू शकला नाही. दोन हंगामांत मिळून २० सामने, साडेसहा सॅक, आणि २०११ मध्ये पाचव्या फेरीच्या पिकवर पाठवणी. लोक त्याला आळशी म्हणतात. असेलही. पण गुलाब म्हणून घेतलेल्या रोपाला निवडुंगाच्या वाफ्यात लावणाऱ्याला कुणीच काही म्हणत नाही!

हीच चूक २०११ मध्ये फिलाडेल्फियाने केली, आणि तिथे खेळाडू आळशी नव्हता. नामडी असोमुगा ओकलंडमध्ये एका बाजूला उभा राहून समोरच्या माणसाला अंगाशी धरून खेळायचा. क्वार्टरबॅक त्या बाजूला बघणंच सोडून द्यायचे. ईगल्सने ५ वर्षांचे ६ कोटी मोजले आणि त्याला झोनमध्ये, म्हणजे माणूस सोडून जागा राखायला, कधी इथे कधी तिथे, फिरवत बसले. ज्या संघाला ‘ड्रीम टीम’ म्हटलं गेलं तो ८-८ झाला, पुढच्या वर्षी ४-१२, आणि २०१३ च्या मार्चमध्ये असोमुगा मोकळा. मारिओ विल्यम्सचंही तेच. बफेलोने १० कोटींपर्यंतचा करार दिला, पहिल्या तीन हंगामांत त्याने साडेदहा, तेरा आणि साडेचौदा सॅक दिले. पैसे वसूल, खरं तर. मग २०१५ मध्ये रेक्स रायन आला, पद्धत बदलली, पास अडवायला मागे जाण्याचं काम वाढलं, आणि सॅक पाचवर आले. म्हणून त्या एन्डपेक्षा तुमच्या डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या (बचावाच्या कोचच्या) खुर्चीची मुदत आधी तपास. संघ दोन वर्षं हरत असेल तर खेळाडू पाच वर्षांसाठी घ्यायचा आणि ज्याच्या पद्धतीसाठी घेतला तो कोच पुढच्या जानेवारीत गेलेला, असा प्रकार होतो.

आमच्या ऑफिसात एकदा प्रतिस्पर्धी कंपनीतून एक नामी माणूस दीडपट पगारावर आणला होता. तिथे त्याच्या हाताखाली चार जण फाइली तयार करून द्यायचे, हे आम्हाला तो आल्यावर कळलं. आमच्याकडे एकच होता. तो म्हणजे मी.

पण घाबरून ‘नको’ लिहू नकोस. नकार देणारा कधी चुकीचा ठरत नाही, म्हणून हिशेबनिसांना नकार फार आवडतो. मला ती खोड होती. १९९३ मध्ये फ्री एजन्सी नीट सुरू झाली आणि रेजी व्हाइट बाजारात आला. ३१ वर्षांचा, ईगल्ससाठी १२१ सामन्यांत १२४ सॅक केलेला. ग्रीन बेने ४ वर्षांचे १ कोटी ७० लाख दिले, तेव्हा ती डोळे फिरवणारी रक्कम होती. वयाचा तक्ता काढून मी असतो तर नको म्हटलं असतं. तो तिथे सहा हंगाम खेळला, साडेअडुसष्ट सॅक केले, आणि १९९७ च्या जानेवारीत सुपर बोलमध्ये पॅट्रियट्सविरुद्ध एकट्याने तीन. शिवाय कृष्णवर्णीय खेळाडू ज्या छोट्या, थंडगार गावात जायला नाखूश असत तिथे व्हाइट स्वतःहून गेला, आणि मग इतरही यायला लागले. ही गोष्ट सॅकच्या रकान्यात मावत नाही. तुझ्या दोन पानांत तिला एखादी ओळ दे.

स्टेफन गिलमोरही आठव. पैशाला घट्ट म्हणून प्रसिद्ध असलेल्या पॅट्रियट्सच्या कोच बेलिचिकने २०१७ मध्ये त्याला बफेलोकडून ५ वर्षांच्या साडेसहा कोटींवर उचललं. पहिले काही आठवडे गोंधळ, लोक हसले. पुढच्या हंगामात सुपर बोलच्या चौथ्या क्वार्टरमध्ये गोल लाइनजवळ त्याने रॅम्सचा क्वार्टरबॅक गॉफ याचा पास पकडला, आणि २०१९ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम डिफेंडर. करार झाला तेव्हा तो २६ चा होता, माणसाला माणूस धरून खेळणारा होता, आणि पॅट्रियट्सना नेमकं तेच हवं होतं.

पैशाचं थोडक्यात. करार किती कोटींचा हे वर्तमानपत्रांसाठी असतं. तू बघायचं ते गॅरंटीड किती, आणि दोन वर्षांनी सोडायचं झालं तर काय मागे राहतं. समज ३ कोटींचा साइनिंग बोनस, पाच वर्षांवर पसरलेला, दर वर्षी कॅपमध्ये ६० लाख. दोन वर्षांनी त्याला कापलंत तर उरलेले १ कोटी ८० लाख अंगावर येतात. म्हैस विकली तरी हप्ते चालू. कुणी म्हणेल कॅप वाढतेच आहे, २०२५ ला २७ कोटी ९२ लाख झाली, काळजी कसली? वाढते ती ३२ जणांची वाढते, हे त्याला सांग.

आणखी एक, जे नवीन मुलं हमखास विसरतात. दुसऱ्याचा करार संपलेला खेळाडू घेतला की पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये भरपाई म्हणून मिळू शकणारी पिक हातची जाऊ शकते. संघाने स्वतः कापलेला खेळाडू त्या हिशेबात धरत नाहीत. आमच्या कॉलिन्सला २०१९ मध्ये आम्ही जाऊ दिलं, वॉशिंग्टनने ६ वर्षांचे ८ कोटी ४० लाख देऊन नेलं, आम्हाला तिसऱ्या फेरीची पिक मिळाली. तीन हंगामांनी त्यांनी त्याला सोडून दिलं. जाऊ देणाऱ्यांचंही कधीतरी बरोबर असतं.

आता भावाचं. वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी कुणी गोडीसाठी घेत नाही, ती मुहूर्ताला घेतात. मार्चच्या त्या सोमवारी फ्री एजंटांशी बोलणी खुली झाली की तासाभरात जे आकडे फुटतात ते मुहूर्ताचे आकडे. ३२ जणांत ज्याचा अंदाज सगळ्यांत भाबडा असतो त्याच्या पदरात माल पडतो. दोन आठवड्यांनी तेवढ्याच गोडीची पेटी निम्म्यात असते. आणि भाव म्हणजे गोडी नव्हे: हॅरिसन आमच्या तिघांतला सगळ्यांत स्वस्त होता, पहिल्या ऑल-प्रो संघात मात्र तोच.

म्हणून तुझ्या पानावर सोमवारच्या आधीच एक आकडा असू दे: इथपर्यंत घ्या, यापुढे फोन ठेवा. तुझा माणूस २७ चा आहे, त्याच्या जुन्या संघासारखीच तुमची पद्धत आहे आणि कोऑर्डिनेटरचा करार अजून दोन वर्षं आहे म्हणालीस. हे तिन्ही खरं असेल तर मी ‘घ्या’ लिहीन, दोन वर्षांच्या गॅरंटीवर. तिसऱ्या वर्षाची गॅरंटी मागितली तर नाही. मालक आकडा ओलांडतील, ते ओलांडतातच. पैसे त्यांचे आहेत. तुझं पान फाइलमध्ये राहील.

एक काम मात्र आकड्यांच्या बाहेरचं कर. त्याचे डिसेंबरमधले चौथे क्वार्टर काढ, फक्त ज्या सामन्यांत संघ १४ गुणांनी मागे होता तेवढे. सॅक मोजू नकोस. धाव दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा तो मागे पळाला का, एवढंच वहीत लिही. पाहून झालं की फोन कर. शनिवारी दुपारी नको, तेव्हा काकू मला बर्फ ओढायला लावते.

तुझा,
काका