भारतीय टीममध्ये जिंकायची मेंटॅलिटी कशी तयार करायची? आपल्या प्लेअर्सना भूकच नाही का?

भूक नाही असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी शेवटच्या ओव्हर उभं राहून खेळल्यात, हे मला कधीतरी विचारायचंय. राग मानू नका, प्रश्न तुम्ही मनापासून विचारलाय हे दिसतंय, पण हे "भूकच नाही" वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं.

मी सोलापूरचा. पार्क मैदानावर (आता इंदिरा गांधी स्टेडियम, पण आम्ही पार्कच म्हणतो) एका क्लबकडून खेळायचो, डावखुरा स्पिनर, बॅटिंगला सातवा-आठवा. आमचे एक कोच होते, नाव घेत नाही. माणूस मेहनती, उजाडायच्या आत ग्राउंडवर हजर, एक पैसा कधी कुणाकडून घेतला नाही. पण त्यांच्याकडं एक डायरी असायची, काळ्या रेक्झिनची, कुठल्यातरी सुताच्या व्यापाऱ्यानं दिवाळीला वाटलेली. कोण उंच मारायला जाऊन आउट झाला, कुणाच्या हातून कॅच सुटला, की सर तिथंच मंडपात बसून लाल पेनानं त्याच्या नावावर काट मारायचे. पुढच्या मॅचला ते पोरगं बाराव्या नंबरला नाहीतर स्कोअर लिहायला. झालं काय, तर पोरं गार्ड घेतला की बॉलरच्या आधी मंडपाकडं बघायला लागली, पेन हातात आहे का खिशात.

एका स्पर्धेत पुण्याच्या टीमबरोबर सेमीफायनल होती. मे महिना, आमच्याकडचा मे म्हणजे मॅट ठोकलेल्या खिळ्याला हात लावला तरी चटका बसतो. शेवटच्या पाच ओव्हरमध्ये तीसेक रन पाहिजे होते आणि पाच विकेट हातात, म्हणजे जमण्यासारखं होतं. समोर आमचा ओपनर सेट झालेला, वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला, पोरगं एरवी लई हिमतीचं, लेदर बॉल अंगावर घेणारं. आणि ते पोरगं एकेक बॉल नुसतं खाली ढकलतंय. मी मधे जाऊन म्हटलं, "मिडविकेट मोकळं आहे बे, उचल की." तो म्हणाला, "उचलताना गेलो तर? पुढची मॅच तू खेळवणार का मला?"

चार रननी हरलो. विकेट हातात तशाच राहिल्या. तो नाबाद राहिला आणि पुढच्या मॅचला टीममध्येही राहिला, म्हणजे त्याचा हिशोब बरोबरच होता. मॅच संपल्यावर सरांनी सगळ्यांना उन्हात उभं केलं, आईवडील बघत होते, आणि म्हणाले तुमच्यात जिंकायची भूकच नाही. अहो सर, भूक होती. तुम्ही आउट होणं हरण्यापेक्षा महाग करून ठेवलं होतं.

माझं उत्तर एवढंच आहे खरं तर, आणि इंडियाच्या टीमलाही तेच लागू होतं. २०२५ चा महिला वर्ल्ड कप घ्या. १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंडविरुद्ध २८९ पाहिजे होते, आपण २८४ वर थांबलो, सहाच विकेट पडलेल्या, चार रननी हार. त्या रात्री मला झोप नाही आली, कारण मी हे आधी बघितलेलं होतं. सलग तिसरी मॅच हरलो होतो आणि सगळीकडं सुरू झालं, की यांना प्रेशर झेपत नाही, २०१७ ला लॉर्ड्सच्या फायनलला ३ बाद १९१ वरून २१९ ला गुंडाळल्या होत्या, ह्यांचं हे असंच. मग अकरा दिवसांनी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सेमीफायनलला त्याच पोरींनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं टार्गेट पार केलं, महिला वनडेतला तोवरचा सगळ्यात मोठा चेस. अकरा दिवसांत भूक वाढली का? जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केले आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितलं की स्पर्धेत तिला चिंतेचा त्रास होत होता, रडत होती, आणि टीममधल्या मैत्रिणी तिच्याजवळ थांबल्या. आमच्या क्लबात कुणी असं बोललं असतं तर दुसऱ्या दिवशी नाव कापलं गेलं असतं. तिथं हे बोलता येत होतं, आणि माझ्या मते कप तिथंच अर्धा जिंकलेला होता. २ नोव्हेंबरला साऊथ आफ्रिकेला ५२ रननी हरवलं तेव्हा आमच्या घरात सगळे उभे होते.

पुरुषांच्या टीमचंही तेच. धोनी पहिल्या मॅचला शून्यावर रनआउट, पहिल्या चार मॅचमध्ये मिळून पंचवीस रन नाहीत. पाचव्या मॅचला विशाखापट्टणमला गांगुलीनं त्याला तीन नंबरला पाठवलं आणि त्यानं १४८ मारले. लाल पेनवाल्यांच्या हातात असता तर तो खरगपूरला तिकीटं तपासत राहिला असता. अजून मागं जा, पॉली उम्रीगर, आमच्या सोलापुरात लहानाचे मोठे झालेले. १९५२ ला मद्रासला इंडियानं पहिली टेस्ट जिंकली त्यात त्यांचे नाबाद १३०, आणि त्याच वर्षी इंग्लंडला त्यांचा फास्ट बॉलर ट्रूमननं असं हैराण केलं की चार टेस्टमध्ये ४३ रन. तरी त्यांना ठेवलं. १९५५ ला इंडियाकडून पहिली डबल सेंच्युरी त्यांनीच मारली, रिटायर झाले तेव्हा देशासाठी सगळ्यात जास्त टेस्ट, रन, सेंच्युऱ्या सगळं त्यांच्या नावावर. पार्कवर खेळणाऱ्या किती पोरांना हे माहिती आहे कुणास ठाऊक.

आता कुणी म्हणेल जेमिमालाही त्या इंग्लंडच्या मॅचला बाहेर बसवलं होतं. बसवलं, सहावी बॉलर पाहिजे होती म्हणून, आणि पुढच्याच मॅचला परत घेतलं. काट मारणं वेगळं. आणि नुसता विश्वास दाखवून सगळं होतं असंही नाही, खेळायला चांगल्या मॅच लागतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर २०२१ ला निम्मी टीम जखमी असताना शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदरनं १२३ ची पार्टनरशिप केली ती ए टीमच्या दौऱ्यांमुळं आणि डोमेस्टिकमुळं, मुलींनाही २०२३ पासून डब्ल्यूपीएलमध्ये (मुलींची आयपीएल म्हणा) गर्दीसमोर खेळायची सवय झाली. आणि कधीकधी समोरचा चांगला खेळतो हो, १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्ड कपच्या फायनलला सलग दहा जिंकून आलेली आपली टीम हरली, तिथं ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडनं १३७ मारले, त्याला मेंटॅलिटी काय करणार.

मध्यंतरी एका लग्नात ते सर भेटले. पाया पडलो, तब्येत विचारली, आणि विषय निघालाच. सर अजून तेच म्हणतात, भीती असल्याशिवाय पोरं खेळत नाहीत. मी म्हटलं सर, भीतीनं पोरं वेळेवर येतात, मॅच जिंकत नाहीत. ते हसले आणि जेवायला चला म्हणाले. म्हणून इथं लिहितोय.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शाळेची अंडर-१४ टीम सांभाळता, मग नॅशनल टीमचं सिलेक्शन कमिटीवर सोडा आणि एक करून बघा. सीझनच्या सुरुवातीलाच सांगून टाका की पहिल्या तीन मॅच हीच टीम खेळणार, शून्यावर गेलात तरी. आणि प्रॅक्टिसच्या शेवटी रोज एक ओव्हर, बारा रन पाहिजेत, फिल्डिंग पूर्ण लावून. उचलताना जो आउट होईल त्यालाच परत बॅट द्या, आणि विकेट ठेवून हरलेल्या जोडीला सगळ्यांचं किट उचलायला लावा.