'ज्ञानदेवे रचिला पाया, तुका झालासे कळस' ही ओळ नेमकी कोणाची? मूळ कसं शोधायचं?

संत बहिणाबाईंची, शिऊरच्या. तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या भाषणासाठी ही ओळ घ्यायचीय, पण खाली कुठं नामदेव, कुठं तुकाराम आणि सगळ्यात जास्त ठिकाणी बहिणाबाई चौधरी असं नाव दिसतं. मी सहसा इथं उत्तरं लिहीत नाही, पण हा प्रश्न बघून राहवलं नाही. माझं माहेर वैजापूर तालुक्यातलं, शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे, लहानपणापासून आम्ही तिथं जातोय. आणि सासर जळगावकडचं, म्हणजे चौधरींच्या बहिणाबाईंचा मुलूख. कळलं असेल तुम्हाला काय काय झालं असेल ते.

नामदेव-तुकारामांचं आधी उरकते. नामदेव गेले १३५० मध्ये, तुकोबा जन्मले १६०८ मध्ये, मग नामदेव त्यांना कळस कसे म्हणतील? आणि तुकोबा स्वतःच स्वतःला कळस म्हणवतील असं ज्याला वाटतं त्यानं तुकोबांचा एकही अभंग नीट वाचलेला नाही, स्पष्ट सांगते.

राहिल्या चौधरी. सासरी गावात सप्ताह होता, मंडपाच्या दारात मोठा फ्लेक्स, त्यावर बहिणाबाई चौधरींचा तो डोक्यावरून पदर घेतलेला फोटो आणि खाली ही ओळ. फ्लेक्स दिला होता आमच्या चुलत सासऱ्यांनी, त्यांना सगळे नाना म्हणतात. मी वाढता वाढता हळूच म्हणलं, नाना, ही ओळ दुसऱ्या बहिणाबाईंची आहे, संत बहिणाबाईंची. तर ते पंगतीत सगळ्यांसमोर मोठ्यानं, "सूनबाई, बहिणाबाई एकच, आमच्या असोद्याच्या." मग मी पण इरेला पेटले, वडिलांना फोन करून त्यांच्या भजनाच्या वहीतल्या पानाचा फोटो मागवला आणि तिथंच अख्खा अभंग वाचून दाखवला, 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' पासून पार शेवटच्या 'बहिणी म्हणे फडकती ध्वजा' पर्यंत. मला वाटलं आता विषय मिटला. नाना काय म्हणाले माहितीये? "मग? बहिणी म्हणजे बहिणाबाईच ना! 'लेक बहिनाच्या मनी किती गुपितं पेरली' हे कुणाचं? आमच्याच माउलीचं." सगळा मंडप हसला. मोठ्या माणसाला पंगतीत उलटं बोलायचं नाही म्हणून मी गप्प बसले, पण ते हसणं मला अजून लागतं, आणि तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आज इथं लिहिते.

नानांनी म्हणलेली ओळच त्यांच्या विरोधात जाते. तिच्या आधीची ओळ आहे 'माझी माय सरसोती, माले शिकवते बोली'. ही जळगावकडची बोली, 'माले', 'मियते', चूल, खोपा, पेरणी. चौधरींचं सगळं काव्य याच भाषेत आहे आणि म्हणून तर ते एवढं गोड आहे. आता 'नामा तयाचा किंकर', 'झालासे' ही भाषा त्यात कुठं बसते सांगा. बसत नाही. चौधरींचा जन्म १८८० चा, त्या १९५१ मध्ये गेल्या. संत बहिणाबाई १६२८ च्या, देवगावला जन्मल्या, १७०० मध्ये शिऊरला गेल्या. दोघींच्या जन्मांत अडीचशे वर्षांचं अंतर आहे हो! आणि या बाईनं ब्राह्मण घरातली असून तुकोबांना गुरू केलं, त्यापायी नवऱ्याचा मार खाल्ला, हे सगळं तिनं स्वतः आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवलंय. नवरा नंतर बदलला, ते वेगळं. तुकोबांना कळस म्हणायचा हक्क तिचा नाही तर कुणाचा? एवढं सोसून लिहिलेली ओळ नावात सारखेपणा आहे म्हणून दुसरीच्या फोटोखाली छापायची, हा दोघींवर अन्याय आहे.

मूळ शोधायचं म्हणाल तर फोटोवाल्या पोस्ट अजिबात बघू नका. पूर्ण अभंग मिळवा. तुम्ही लिहिलेली ओळ म्हणजे अभंगातले दोन वेगळे तुकडे जोडलेले आहेत, मधले नामदेव आणि भागवतवाले एकनाथ गायब, आणि शेवटचं चरण कापलं की कवीचं नावच जातं, तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. मग नाममुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारं कवीचं नाव बघा, अभंगात कुणाकुणाची नावं आलीत त्यावरून काळ बघा, आणि लायब्ररीत छापील गाथा उघडा. बहिणाबाईंचा गाथा छापलेला आहे, जस्टिन अॅबट यांनी १९२९ मध्ये इंग्रजी भाषांतरही केलंय.

एक सांगायचं राहिलं, नुसत्या मुद्रेवर भरवसा ठेवू नका. संतांच्या नावानं मागाहून कितीतरी लोकांनी रचलंय, नामदेवांच्या गाथ्यात नंतरच्या विष्णुदास नामा या कवीचे अभंग मिसळलेत हे तर अभ्यासक सांगतात. म्हणून मुद्रा, काळ, भाषा तिन्ही जुळायला पाहिजे, इथं जुळतात. पाठभेदही आहेत, एकनाथांच्या चरणात कुठं 'खांब दिला भागवत' तर कुठं 'ध्वज उभारिला भागवत' मिळेल, त्यावरून घाबरू नका.

भाषणात 'संत बहिणाबाई, शिऊर' असं पूर्ण म्हणा, नुसतं बहिणाबाई नको, नाहीतर ऐकणारे परत चौधरीच धरतील. आणि नाना किंवा नानांसारखे कुणी हे वाचत असतील तर चौधरींचा फोटो खुशाल लावा, खाली 'अरे संसार संसार' छापा, ते त्यांचं स्वतःचं आहे, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी जपलेलं, १९५२ च्या पुस्तकात अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट.