बँड आला, पण भलत्याच ठिकाणी

प्रश्न : पार्ल्याला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी उंदराच्या लिव्हरमध्ये ईजीएफआर हा रिसेप्टर (पेशीच्या कडेवरचं, बाहेरचा संदेश पकडणारं प्रोटीन) दाखवायचाय. लॅबच्या फ्रीजमधली जुनी अँटीबॉडी वापरून तीनदा वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधायची पद्धत) केला, ईजीएफआर जिथे दिसायला हवा त्या 170 किलोडाल्टनला (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) काहीच नाही, 55 आणि 25 ला मात्र काळेकुट्ट बँड. सर म्हणतात प्रोटीन तुटलंय. खरंच?

उत्तर : सरांचा मान राखून सांगतो, मला नाही वाटत. 55 आणि 25 ही जोडगोळी दिसली ना, की आधी बाटलीवरचं लेबल वाचायचं. पैजेवर सांगतो, तुझी प्रायमरी, म्हणजे ईजीएफआरला चिकटणारी पहिली अँटीबॉडी, उंदरात बनवलेली असणार. आता बघ, अँटीबॉडी हेही शेवटी प्रोटीनच, दोन जाड साखळ्या नि दोन बारीक, सॅम्पल मर्कॅप्टोइथेनॉल (साखळ्यांमधले बंध तोडणारं रसायन) घालून उकळलंस की त्या सुट्या होतात, जाड पन्नास-पंचावन्नला जाऊन बसते, बारीक पंचवीसला. आणि लिव्हर म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंजच, त्यात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडी ढिगाने. तुझी सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला पकडून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, उंदराची कुठलीही अँटीबॉडी दिसली की पकडते, तू घातलेली कुठली आणि रक्तातली कुठली हे तिला काय माहीत. दादरच्या ब्रिजवर 'ओ काका' म्हणून हाक मार, किती जण वळतात बघ.

खात्री करायची तर मेंब्रेनची एक पट्टी कापून तिला प्रायमरी देऊच नकोस, फक्त सेकंडरी. तरी तेच दोन बँड आले तर विषय संपला. मग सशात बनवलेली प्रायमरी घे नि सेकंडरीही सशाविरुद्धची, आणि लिव्हर काढण्याआधी सलाइन सोडून रक्त धुवून काढता आलं तर उत्तम. (मी स्वतः या गाढवपणात दोन महिने घालवलेत, त्यामुळे लाजू नकोस.)

राहिला 170 चा प्रश्न. ईजीएफआरची नुसती साखळी 134 च्या आसपास, वर साखरेचे झुबके लागतात म्हणून तो 170 ला दिसतो. एवढं धूड 12 टक्क्याच्या जेलमध्ये वरच अडकून बसतं, 7.5 किंवा 8 चं जेल कर, ट्रान्सफर (जेलमधून मेंब्रेनवर उतरवणं) रात्रभर कोल्ड रूममध्ये लाव आणि पॉन्सो (प्रोटीन दाखवणारा लाल रंग) मारून वरच्या भागात प्रोटीन उतरलंय का ते आधी बघ. शिवाय बऱ्याच अँटीबॉडी माणसाच्या ईजीएफआरवर बनवलेल्या असतात, उंदराचा त्या ओळखतच नाहीत, डेटाशीटवर लिहिलेलं असतं पण ती वाचतो कोण! शेजारच्या लेनमध्ये ए431 पेशींचं सॅम्पल घाल, माणसाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या या पेशींवर ईजीएफआर खच्चून भरलेला असतो. तिथेही 170 ला काही नाही आलं तर बाटलीचा किंवा ट्रान्सफरचा दोष, तिथे आलं आणि लिव्हरमध्ये नाही तर बाटली उंदराच्या कामाची नाही असा संशय घे. ही लेन आधी चालवली असतीस तर तीन ब्लॉट वाचले असते रे.

प्रश्न : वहिनींच्या छातीच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये हर-टू '2+' आलंय आणि आता फिश नावाची वेगळी टेस्ट सांगितलीय. लॅबने चूक केली का? (लालबाग)

उत्तर : नाही ताई. हर-टू हे पेशीच्या कडेवरचं एक प्रोटीन, ते शोधायला तिथेही अँटीबॉडीच लावतात, फक्त गाठीच्या पातळ कापावर, आणि पेशीच्या कडेला तपकिरी रंग किती चढला ते पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांनी बघून ठरवतात. 0 आणि 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे कडेने गडद गोल, पॉझिटिव्ह. 2+ मध्ये रंग आहे पण ठाम नाही, म्हणून फिशमध्ये पेशीतल्या हर-टू जीनच्या प्रती थेट मोजतात. हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यायचं की नाही ते यावर ठरतं, तेव्हा अंदाजाने चालत नाही. शक्यतो पुन्हा सुई टोचावी लागत नाही, मेणात बसवलेला तोच जुना तुकडा वापरतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या हॉस्पिटलला दाखवणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.