बेल्ट तुटला की व्हॉल्व का वाकतात? आणि इंजिनाविषयी आणखी काही प्रश्न

प्रश्न: चार सिलिंडरच्या इंजिनात चारही पिस्टन एकदमच वर येतात का?

नाही. नेहमीच्या सरळ रांगेतल्या इंजिनात पहिला आणि चौथा जोडीने वर येतात, तेव्हा दुसरा-तिसरा खाली असतात. जोडीतल्या दोघांचं कामही वेगळं. एकात हवा-इंधनाच्या दाबलेल्या मिश्रणावर ठिणगी पडायच्या बेतात असते, दुसरा जळालेला वायू बाहेर ढकलत असतो. पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर गेला की चार स्ट्रोक, तेवढ्यात क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोन फेरे होतात आणि प्रत्येक पिस्टन ताकद देतो ती एकाच स्ट्रोकला. उरलेल्या तीन वेळा त्याला बाकीचे सिलिंडर आणि क्रँकशाफ्टवरचं जड चाक, फ्लायव्हील, ओढून नेतात. सिलिंडरांत ठिणगी पडायची पाळी बहुतेक १-३-४-२ अशी असते.

प्रश्न: टायमिंग बेल्ट दिसायला चांगला आहे, तरी मेकॅनिक बदला म्हणतो. बदलू का?

मॅन्युअलमधली मुदत उलटली असेल, किलोमीटरची किंवा वर्षांची, तर बदलाच. रबराच्या आतले धागे थकलेत हे वरून कळत नाही.

हा बेल्ट क्रँकच्या जोरावर कॅमशाफ्ट फिरवतो, म्हणजे व्हॉल्व (सिलिंडरमध्ये हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा दांडा. कॅमच्या पुलीला दुप्पट दाते, म्हणून क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक. क्रँक मिनिटाला ३००० फेरे (आरपीएम) मारतो तेव्हा एकेक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो. उघडताना तो सिलिंडरमध्ये डोकावतो आणि तो मागे सरताच पिस्टन तिथपर्यंत येतो. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व उघडेच अडकतात, क्रँक मात्र वेगात फिरतच असतो. पिस्टन आदळतो, व्हॉल्व वाकतात, हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व बसवलेला भाग) उतरवावं लागतं. काही इंजिनांत पुरेशी जागा सोडलेली असते, पण आपलं त्यातलंच आहे असं धरून चालू नका. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनरही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, नाहीतर तीच मजुरी पुन्हा.

ज्यांच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे त्यांनीही फार खूश होऊ नये. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन झिजून लांबते आणि थंड इंजिन सुरू करताना खडखडते.

प्रश्न: सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर येतो, मग थांबतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या का?

बहुधा नाही. रात्रभरात व्हॉल्वच्या सीलमधून ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेलेल्या असतील तर धूर चढावर, जोर लावताना येत राहतो. खात्री करायची तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांकडे, नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट (हेडखालची सील करणारी पट्टी). इंजिन खोलायचा खर्च सांगण्याआधी मेकॅनिकने एवढं तरी करावं.

प्रश्न: थंड इंजिन सुरू करून लगेच रेस करावं का?

नको. क्रँक बेअरिंगवर टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. थंड ऑइल घट्ट असतं, वर कॅमपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. अर्ध्या मिनिटाने निघा, इंजिन तापेपर्यंत हलक्या पायाने चालवा. चालताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.