‘तुकडी’ म्हणजे वर्ग की फौज? आणि सरळ ‘गट’ का म्हणत नाहीत?

बदली होऊन नागपूरला आलात, मुलीच्या प्रगतिपुस्तकावर ‘इयत्ता ६ वी, तुकडी ब’ दिसलं आणि त्याच दिवशी पेपरात ‘पोलिसांची तुकडी दाखल’, म्हणून तुम्ही गोंधळलात. शब्द एकच आहे. मोठ्या समूहातून कामापुरता वेगळा काढलेला लहान भाग म्हणजे तुकडी. ‘तुकडा’चीच धाकटी बहीण.

म्हणून तुकडी म्हटली की मागे काहीतरी अख्खं असतं: अख्खी सहावी, अख्खं पोलीस दल. गटाचं तसं नाही. चार डोकी आपणहून जमली की झाला गट. आमच्या मोहल्ल्यातल्या बारा-पंधरा बाया दर महिन्याला पैसे जमा करतात, तो बचत गट. त्याला ‘बचत तुकडी’ म्हणून पाहा, चहासुद्धा मिळणार नाही.

जमिनीच्या कागदात हे फार छान दिसतं. १९४७ च्या ज्या कायद्याला सगळे ‘तुकडेबंदी’ म्हणतात, त्याच्या लांबलचक नावात दोन कामं आहेत: जमिनीचे तुकडे पाडायला प्रतिबंध आणि त्यांचं एकत्रीकरण. एकत्रीकरणात जो नंबर पडला, तो सातबाऱ्यावरचा गट नंबर. तोडला तो तुकडा, जोडला तो गट.

हिंगणा रोडवर राज्य राखीव पोलीस दलाचा ‘गट क्र. ४’ आहे. तिथे गट म्हणजेच ते अख्खं. डिसेंबरात अधिवेशन लागलं की मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडवायला उभ्या दिसतात, त्या अशा गटांतून निघालेल्या तुकड्या.

शाळेतल्या तुकडीवर माझा जुना राग आहे, सांगूनच टाकतो. आमच्या शाळेत (नाव राहू द्या) तुकड्या मार्कांवर पाडायचे. अ म्हणजे हुशार, ड म्हणजे आम्ही. हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं ‘८ वी ड’ लिहिलेलं असायचं आणि तो कोपरा इतका मळलेला, की ‘ड’ चा ‘इ’ वाटायचा. बाजूच्या वर्गातले सर आमचा गोंगाट ऐकून दारातूनच म्हणत, “ड तुकडी ना? मग बरोबर.” वर्गात कोण बसलंय, हेही बघत नसत.

बोलताना मात्र हा शब्द आता कमी ऐकाल. पोरं “कोन्त्या सेक्शनमधी हायेस बे?” असंच विचारतात. तुकडी उरली ती फॉर्मवर आणि बातम्यांत. मित्रांना तर कोणीच तुकडी म्हणत नाही, ती ‘गँग’ नाहीतर ‘पोट्ट्यांची टोळी’. टोळी जरा जपून वापरा. संत्रा तोडायला येते ती मजुरांची टोळी, त्यात काही वाईट नाही. पण पेपरातली टोळी बहुधा चोरांची असते. ‘टोळकं’ म्हटलं की तर भांडणच आलं.

एक खाचही सांगतो. ‘तुकड्या’ दिसलं की पुढचं वाचा. ‘पोलिसांच्या दोन तुकड्या’ हे तुकडीचं अनेकवचन, पण ‘भाकरीच्या तुकड्याला’ यातला एकच तुकडा. आणि इथल्या विद्यापीठाच्या नावात जे तुकडोजी महाराज आहेत, त्यांचा शाळेच्या तुकडीशी संबंध नाही. गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटलं, त्यावरून ते नाव.